घाटाची बीआरएम करताय? या चुका टाळा

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. तिचं गणित कागदावर फार सोपं दिसतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे साधारण ताशी १५ चा वेग, तोही चहापाणी, पंक्चर, सिग्नल सगळं धरून. रोज सकाळी २५ ने सायकल हाणणाऱ्याला यात घाबरण्यासारखं काही वाटत नाही. मग वाटेत पसरणी नाहीतर आंबेनळी घाट येतो आणि हिशेब फिसकटतो. आणि बऱ्याचदा त्यात पायांचा दोष नसतो.

‘उतारावर भरून काढू’

हे वाक्य प्रत्येक राइडला ऐकू येतं. जरा आकडे मांडून बघा. १२ किलोमीटरचा चढ ताशी ८ ने चढलात तर दीड तास लागतो. १५ च्या हिशेबाने हे अंतर ४८ मिनिटांचं, म्हणजे ४२ मिनिटं गेली. तेवढाच उतार ३५ ने उतरलात तर वाचतात जेमतेम २७ मिनिटं. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर आहे; ९ च्या वेगाने साडेचार तास जातात. ही तूट चढाआधीच्या सपाट रस्त्यावर आणि मुख्य म्हणजे थांब्यांवर भरून काढायची असते.

कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणी, काय होतं ते आठवा. बूट काढले, मिसळ सांगितली, फोन चार्जिंगला लावला, ग्रुपवर फोटो टाकला, मग कार्डवर शिक्का घ्यायचा राहिला म्हणून परत रांगेत. २५ मिनिटांचे असे पाच थांबे म्हणजे दोन तास गेलेच. आधी शिक्का, मग बाटल्या, मग खाणं, आणि जमेल तेवढं खाणं खिशात टाकून निघायचं. मिसळ खायला मीही नको म्हणणार नाही, पण ती शेवटच्या कंट्रोलनंतर!

दुसरी चूक याच्या उलट्या टोकाची. पहाटे सुटताना सगळे ताजे असतात, पुढचा घोळका ३० ने पळतो आणि आपणही त्याच्या मागे चिकटतो. पहिल्या ५० किलोमीटरमध्ये शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर तुम्ही दुसऱ्याची राइड करताय.

गिअर

पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ दातांच्या चकत्या हे सपाटीला छान. दीडशे किलोमीटरनंतर, भर उन्हात, घाटाच्या सहाव्या वळणावर मात्र आपल्यातल्या बहुतेकांना मागे ३२ किंवा ३४ दात लागतात. लाज वाटायचं कारण नाही. फक्त आपला डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एवढी मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) पेलतो का, हे मेकॅनिकला आधी विचारा.

सायकल टेम्पोतून किंवा बसच्या डिकीतून आणली असेल तर डिरेलरचा हँगर (तो सायकलला जोडणारा तुकडा) वाकलेला असू शकतो. सुरुवातीच्या जागी सायकल उचलून धरा, सगळ्यात हलका गिअर टाका आणि पेडल हाताने फिरवा. डिरेलर स्पोकला टेकत असेल तर तसं निघू नका. चढावर तो चाकात गेला की राइड तिथेच संपते. गिअरही चढ अंगावर यायच्या आधी बदला. उभं राहून जोर देत बदललात तर चेन पडते, कधी तुटते.

एकाच चाकाला पुन्हा पंक्चर

हा घोटाळा हायवेला फार होतो. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या बारीक तारांचे तुकडे कडेच्या पट्ट्यात पडतात. केसासारखी तार टायरमध्ये घुसते, आपण घाईने ट्यूब बदलतो, तार तिथेच राहते आणि १० मिनिटांत हवा गायब. टायर बसवतानाच त्यावरची कंपनीची खूण व्हॉल्व्हसमोर ठेवायची सवय लावा. मग ट्यूबचं छिद्र व्हॉल्व्हपासून किती लांब आहे यावरून टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. आतून कापड किंवा मोजा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तार. नुसत्या बोटाने चाचपाल तर ती बोटात जाईल.

उतार

सतत ब्रेक दाबून उतरू नका. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, घासणारा) असेल तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वळणात सोडून द्या. आपल्या घाटात समोरून येणारी एसटी वळणावर अख्खा रस्ता घेते, हे गृहीत धरूनच डावी बाजू सोडू नका. पावसाळ्यात वरंधा, आंबेनळीसारख्या रस्त्यांवर दरड येते, रस्ता बंद होतो. आदल्या दिवशी चौकशी करा. वर पोहोचलात की घामेजल्या अंगाने लगेच खाली सुटू नका, विंडचीटर घाला. नसेल तर टपरीवरचा जुना पेपर जर्सीखाली छातीशी लावा.

खाण्याचं थोडक्यात: भूक लागायची वाट बघू नका. तासाला एक केळं आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू सुटल्यापासूनच चालू ठेवा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठही पोटात जाऊ द्या.

गुडघा समोरून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. दोन-तीन मिलिमीटरनेच हलवा. करंगळीला मुंग्या आल्या की पकड बदला.

एक नियमाची गोष्ट. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली. त्या शर्यतीत मागे साथीची गाडी असते. बीआरएममध्ये घरच्यांची गाडी फक्त कंट्रोलवर भेटू शकते. मध्येच त्यांच्याकडून बाटली घेतलीत तर बाद व्हाल.

३०० च्या पुढे रात्र टळत नाही. दोन दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच. पहाटे ३ च्या सुमारास डोळे मिटू लागले की पेट्रोल पंपावर १५ मिनिटं आडवे व्हा, गजर लावून. आणि शेवटचा शिक्का मिळाला की स्वतः गाडी चालवत घरी निघू नका. न्यायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.