पाणंद की रस्ता? ओपनस्ट्रीटमॅपवर टॅग लावताना आणि त्यावरून वाजलं तर

मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, खटाव तालुक्यात. निम्मा दिवस मोटारसायकलवर जातो, कारण अडलेली गाय दवाखान्यात येत नाही, मलाच वस्तीवर जावं लागतं. फोनवर पत्ता मिळतो तो असा: "शाळेच्या मागनं पाणंदीला लागा, फरशी पूल ओलांडला की बाभळीपासनं डावीकडं." मोबाइलच्या नेहमीच्या नकाशात ना ती पाणंद, ना वस्ती. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या आणि कुणालाही बदलता येणाऱ्या नकाशावर, खातं उघडलं आणि स्वतःच रस्ते काढायला बसलो. उपग्रहाच्या चित्रावरून रेषा ओढणं एका संध्याकाळी जमतं. त्या रेषेला म्हणायचं काय, यावर मात्र लोक महिनोन् महिने भांडतात. मीही भांडलोय. नव्यानं येणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

आधी एक सूचना: इथं टॅग वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहिलेत. नकाशात ते रोमन लिपीत, लहान अक्षरांतच भरायचे.

टॅग म्हणजे जोडी: डावीकडं प्रकार, उजवीकडं त्या प्रकारातलं नेमकं काय ते. हायवे=ट्रॅक, तसं (इथं हायवे म्हणजे महामार्ग नव्हे, कुठलाही रस्ता). कुठला टॅग वापरायचा याची सक्ती नाही, कुणाची परवानगी लागत नाही. मनात येईल तो टॅग लिहिता येतो. घोळ इथूनच सुरू होतो. म्हणून टॅग लावण्याआधी मी दोन ठिकाणी बघतो. एक, प्रकल्पाचा विकी, जिथं त्या टॅगचा अर्थ लिहिलेला असतो. दुसरं, टॅगइन्फो, जिथं तो टॅग जगभर किती वेळा वापरलाय ते दिसतं. विकीवर 'मंजूर' असा शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. नवा टॅग कुणी सुचवला की किमान दोन आठवडे चर्चा, मग दोन आठवडे मतदान. मत देणारे मूठभर. मंजूर झालेला टॅग कुणी वापरतच नाही आणि कधीच मंजूर न झालेला सगळीकडं चालतो, असंही होतं. मी वापराचा आकडा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांनी काय लावलंय, हे बघून ठरवतो.

आता पाणंद. आमच्या गावठाणापासून एक कच्चा रस्ता निघतो, सव्वा किलोमीटरवर अकरा घरांची वस्ती, आणि तिथून पुढं तो शेतांत शिरून ओढ्याला जाऊन संपतो. काळी माती. जुलैत त्या रस्त्यानं गेलो की मडगार्ड आणि चाकामध्ये चिखल असा ठासून बसतो की चाक फिरत नाही. काठीनं कोरून काढायचा, शंभर पावलं जायचं, पुन्हा कोरायचा. मी अख्ख्या रस्त्याला हायवे=ट्रॅक लावलं आणि निर्धास्त झालो.

दोन महिन्यांनी बघतो तर कुणीतरी ते बदलून हायवे=अनक्लासिफाइड केलेलं. दुसऱ्या राज्यातल्या शहरातला माणूस. मी उलटवलं. त्यानं पुन्हा केलं. मी पुन्हा उलटवलं, आणि बदलाच्या शेऱ्यात लिहिलं, "इथं येऊन चिखल बघा." हे चुकलंच. तिसऱ्यांदा त्यानं रस्त्याला हात न लावता माझ्या बदलसंचाखाली (एका वेळी जतन केलेल्या बदलांचा गठ्ठा) प्रश्न विचारला: या रस्त्यानं वस्तीतली मुलं शाळेला जातात का? जातात. मग तो फक्त शेतीचा रस्ता कसा?

माणूस बरोबर बोलत होता. हायवे या टॅगनं रस्ता कशासाठी आहे ते सांगायचं, कसा आहे ते नाही. ट्रॅक म्हणजे मुख्यतः शेतात किंवा जंगलात जायची गाडीवाट. अनक्लासिफाइड या शब्दानं आपण फसतो. त्याचा अर्थ 'माहीत नाही' असा नाही. प्रकल्प २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला, रस्त्यांचे शब्द तिथलेच. तिथं तो गावं-वस्त्या जोडणारा सर्वांत खालच्या दर्जाचा सार्वजनिक रस्ता. खरंच माहीत नसेल तर हायवे=रोड असं तात्पुरतं लावतात.

पण माझंही म्हणणं अर्धं खरं होतं. गाड्यांना वाट दाखवणारी बरीच अ‍ॅप ट्रॅक टाळतात, आणि पावसाळ्यात ही पाणंद टाळलेलीच बरी. शेवटी आम्ही असं केलं: वस्तीपाशी जो बिंदू आहे तो निवडून रेषा कापली (आयडी एडिटर या नकाशा काढायच्या साधनात राइट क्लिक केलं की कात्रीचं चिन्ह येतं). गाव ते वस्ती अनक्लासिफाइड, सोबत सरफेस=अनपेव्ह्ड आणि स्मूदनेस=व्हेरी बॅड. वस्तीच्या पुढं ट्रॅक, ट्रॅकटाइप=ग्रेड५, म्हणजे मऊ मातीची वाट; ग्रेड१ म्हणजे टणक. फरशी पुलाला ब्रिज=लो वॉटर क्रॉसिंग (शब्दांच्या मधे खालची रेघ), आणि पुरात पाणी वरून जातं म्हणून फ्लडप्रोन=यस, त्यातही आणि 'व्हेरी बॅड'मध्येही तशीच रेघ. चिखलाची सगळी तक्रार या जोडटॅगांत बसली.

तर तुमच्याशी कुणाचं वाजलं तर क्रम असा ठेवा. वस्तूचा इतिहास उघडा, कुणी कधी काय बदललं ते प्रत्येक आवृत्तीनिशी दिसतं. मग त्या बदलसंचाखाली लिहा. समोरच्याला मेल जाते. तुम्ही तिथं स्वतः गेलात का, कधी, काय पाहिलं ते लिहा. आठवडाभर तरी थांबा, लोकांना नोकऱ्या असतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भारतातल्या मॅपर मंडळींसमोर मांडा. डेटा वर्किंग ग्रुप नावाचे स्वयंसेवक आहेत, ते तोडफोड आणि न मिटणारे तंटे बघतात, पण पाणंदीसाठी त्यांच्या दारात जाऊ नये.

नावांचा वाद याहून कडू. भारतात 'नेम' या टॅगमध्ये बहुतेक ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग आढळतं, आणि तिथं मराठी हवं म्हणून उत्साही मंडळी मधूनच येऊन बदलून जातात. मी त्या भानगडीत पडत नाही. नेम:एमआर हा मराठीचा रकाना मोकळा पडलाय, आधी तो भरा. भरताना हिंदीची नक्कल नको. वांद्रे हे मराठी, बांद्रा हिंदी. वेरूळ आपलं, एलोरा त्यांचं. शीवला 'सायन' असं लिहून मराठी रकान्यात टाकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. इंग्रजी नावं यंत्रानं देवनागरीत फिरवून हजारोंनी चढवू नका. असे घाऊक बदल आधी चर्चा केल्याशिवाय करायचे नाहीत असा नियमच आहे, आणि यंत्राला 'ळ' कुठं येतो ते कळत नाही. नाव बदललेल्या गावाचं जुनं नाव पुसायचं नाही, 'ओल्ड नेम'मध्ये ठेवायचं. धाराशिवला उस्मानाबाद म्हणून शोधणारा माणूस अजून वीस वर्षं भेटेल.

झाडीचा वाद तर मिटणारच नाही: लँडयूज=फॉरेस्ट की नॅचरल=वुड? विकीवरच वापराच्या वेगवेगळ्या पद्धती शेजारी शेजारी मांडल्यात. मी देवराईला वुड लावतो, वनखात्यानं लावलेल्या सागाला फॉरेस्ट. मुख्य नकाशात दोन्ही सारखीच हिरवी दिसतात, त्यामुळं यावर भांडून हाती काही लागत नाही. दिसण्यासाठी टॅग लावू नये हे मात्र पाळा. आमच्या इथल्या एका पोरानं विहीर नकाशात ठळक निळी दिसावी म्हणून तिला तलाव करून टाकलं होतं. येरळा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून तिची रेषा पुसणारेही भेटले; नदी ठेवायची आणि इंटरमिटंट=यस लावायचं.

यंदा मातोश्री पाणंद योजनेतून वस्तीपुढच्या तुकड्यावर मुरूम-खडी पडली. मी मोटारसायकल उभी करून फोटो काढला, घरी येऊन ग्रेड५ चं ग्रेड२ केलं. ट्रॅक तसंच ठेवलं, कारण पुढं अजूनही फक्त शेतंच आहेत. शेऱ्यात लिहिलं, "स्वतः पाहिलं, खडी पडली, ओढ्याच्या अलीकडचे दोनशे मीटर अजून मातीच," आणि तेवढ्या तुकड्यापुरती रेषा पुन्हा कापली.