बिबट्याचे फोटो बिघडतात ते या चुकांमुळे

"दादा, बघा ना, ब्लर का आला?" असा झू मधला फोटो दर महिन्याला कोणीतरी पाठवतंच. ब्लर नाही रे बाबा, जाळी एकदम शार्प आलीये, बिबट्या तेवढा धूसर आहे! मीही सुरुवातीला अशीच अख्खी सकाळ घालवलीये, दोनेकशे फोटो आणि सगळ्यात तारा, घरी बायको म्हणाली कुंपणाची जाहिरात करताय का. आता मी रेलिंग न ओलांडता जमेल तितका जाळीजवळ जातो, जिथे जाळीवर ऊन पडत नाही ती बाजू धरतो, झूम फुल, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ४ किंवा त्याहून मोठं, म्हणजे आकडा ४ पेक्षा लहान, फोकस सिंगल पॉइंट, म्हणजे एकच बिंदू, तो बिबट्यावर, आणि बिबट्या जाळीपासून चांगला मागे जाईपर्यंत गप्प उभा राहतो. हे शेवटचंच कोणाला जमत नाही, सगळ्यांना पाच मिनिटांत फोटो हवा असतो.

काच असेल तर लेन्स काचेला टेकवा. फ्लॅश बंद म्हणजे बंद.

जंगलात तर घाईच नडते. ताडोबा, मे महिना, पाणवठ्यावर दीड तास बसलेलो, वानरं एकाच दिशेला बघत खॅक खॅक करत होती (हा त्यांचा धोक्याचा कॉल, म्हणजे वाघ किंवा बिबट्या जवळच), तेवढ्यात कळलं पुढे वाघीण निघालीये. मीच ड्रायव्हरच्या मागे लागलो, चला चला. तिकडे नुसती धूळ आणि जिप्सींची रांग. परत आलो तर तिथेच थांबलेले एक काका स्क्रीन दाखवतायत, बिबट्या पाणी पितोय, जीभसुद्धा दिसतेय. अरे, बिबट्या वाघापासून लांबच राहतो, मग वाघामागे पळून तो कसा मिळणार? तेव्हापासून वानरांचा कॉल चालू असेल तर मी जागा सोडत नाही, बाकीचे वैतागले तरी.

आयएसओला (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) घाबरू नका, सावलीत शटर वेगवान ठेवायला ३२०० लागतोच. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, चालतो, हललेला बिबट्या नाही चालत.

आणि जुन्नरकडे ऊसतोडीत बछडे सापडले की मोबाईल घेऊन धावणाऱ्यांनो, आई तिथेच कुठेतरी उसात असते. लांब व्हा, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. वनखातं पिल्लं त्याच जागी ठेवतं, रात्री आई येऊन एकेक उचलून नेते, पण बांधावर टॉर्च मारत माणसं उभी असली की ती उसातून बाहेरच येत नाही.