नखाखालची ‘चामखीळ’ हाडाची निघाली

दीड वर्ष मी तिला चामखीळच समजत होतो. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली, टोकाशी, वाटाण्याएवढी गाठ. नख वर उचललेलं, बूट घातला की ठणका. आधी चामखिळीचं औषध लावलं, मग नख आत वाढलंय म्हणून कडेने कापून घेतलं. दोन्ही वाया.

खरं तर खूण समोरच होती. गाठ दाबली तर हलायची नाही, दगडासारखी लागायची. तिसऱ्या डॉक्टरांनी ती चाचपली आणि थेट एक्स-रे काढायला पाठवलं. बाजूने घेतलेल्या एक्स-रेत अंगठ्याच्या शेवटच्या हाडातून वर आलेला कोंब स्पष्ट दिसला. सबंग्युअल एक्सॉस्टोसिस, म्हणजे हाडाची साधी वाढ. कॅन्सर नाही. (तोवर माझी झोप उडालेली.)

शस्त्रक्रिया फक्त अंगठा बधिर करून झाली. सगळ्यात जास्त दुखलं ते बधिर करायचं इंजेक्शनच! रक्त कमी यावं म्हणून अंगठ्याच्या मुळाशी रबरी पट्टा बांधला, नखाचा काही भाग काढला, खालची नाजूक त्वचा जपून बाजूला सारली आणि कोंब मुळापासून काढला. त्यावरचं कूर्चेचं (हाडापेक्षा मऊ, लवचिक थराचं) टोपण थोडंही राहिलं तर गाठ परत येऊ शकते, म्हणून तळही खरवडला. तुकडा तपासणीला गेला, निदान तेच आलं.

टाके दोन आठवड्यांनी निघाले. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण यायला मात्र १२ ते १८ महिने लागतात. माझं अजून अर्ध्यावर आहे, जरासं वाकडं. पण बूट घालता येतो.