जुनी वाकिझाशी खोलायची आणि पारखायची कशी

वाकिझाशी म्हणजे आखूड जपानी तलवार. आधी तिच्या पात्याची लांबी मोजा: टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. शाकू हे जपानी माप, एक शाकू म्हणजे ३०.३ सेंमी. त्याहून कमी भरली तर ती तांतो (खंजीर), एक ते दोन शाकूंच्या मधली वाकिझाशी. एदो काळात (१६०३ ते १८६८) व्यापाऱ्यांनाही वाकिझाशी बाळगता येई, त्यामुळे पैसेवाल्यांची हौस तिच्या साजावर, म्हणजे मुठीच्या आणि म्यानाच्या सजावटीवर, उतरलेली दिसते.

उपसताना धार वर, पाठ म्यानाला टेकलेली. तिरकं ओढलंत तर म्यान आतून कापलं जातं. मुठीतली बांबूची खुंटी, मेकुगी, निमुळती असते. ती बारीक टोकाकडून ढकला. उलटीकडून ठोकली की आणखी घट्ट बसते आणि मूठ तडकू शकते. मग डाव्या हाताने मुठीचं टोक धरा, पातं किंचित तिरकं उभं ठेवा आणि उजव्या हाताच्या मुठीने डाव्या मनगटावर हलकेच ठोका. कतानाला, म्हणजे लांब तलवारीला, लागतो तेवढा जोर इथे नको. आखूड पातं एका फटक्यात उडून बाहेर येतं.

आता सेप्पा (धातूची पातळ चकती), त्सुबा (हात वाचवणारी तबकडी), दुसरी सेप्पा, हाबाकी (पात्याच्या बुडाशी बसणारं धातूचं कडं) असं एकेक काढून त्याच क्रमाने कापडावर मांडा. सेप्पांची अदलाबदल झाली तर त्सुबा खुळखुळते. मुठीत दडलेल्या भागावरचा काळपट गंज अजिबात खरवडू नका. वय ठरवताना तोच बघतात, आणि सही असली तर तीही तिथेच.

साजातला काळा-निळा धातू बहुधा शाकुदो: तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं. तो रंग द्रावणात उकळून मुद्दाम आणलेला असतो. पितांबरी किंवा चिंच लावलीत की तो गेलाच! कोरड्या मऊ कापडापलीकडे काही नको.

शाकुदोवरचे बारीक दाणे, नानाको, दहापट भिंगाखाली बघा. खोलगट तोंडाच्या ठशाने एकेक दाणा ठोकलेला असतो, म्हणून खऱ्या कामात दाणे टपोरे आणि सुटे दिसतात. ओतीव नकलेत ते चपटे, एकमेकांत मिसळलेले, मधूनच हवेची भोकं. त्सुबाच्या मधल्या भोकात तांब्याचे तुकडे ठोकलेले असतील तर तो दोष नव्हे. वेगळ्या पात्याला बसवताना भोक असंच जुळवतात. मात्र मग त्सुबा आणि पातं एकाच काळातलं आहे असं गृहीत धरू नका. मुठीच्या गुंडाळीखालची मेनुकी (शोभेचे छोटे धातूचे तुकडे) बघायला दोरी उसवू नये, ती पुन्हा तशी बसत नाही.

जोडण्यापूर्वी पात्याला चोजी तेलाचा (तलवारीसाठीचं तेल) अगदी पातळ हात द्या. मेकुगी चिरलेली असेल तर नवी बांबूचीच करा. खिळा घातलात तर भोकाची कड कुरतडली जाते आणि मूठ डुगडुगायला लागते.