ध्रुवावरच्या ढगाचा जमाखर्च कसा मांडायचा

ढग आला की सावली, सावली आली की गारवा, हे समीकरण ध्रुवीय प्रदेशापुरतं बाजूला ठेवा. तिथे वर्षातला बराच काळ ढग बर्फाची ऊब राखतो. किती, ते काढायला चार आकडे लागतात: वरून येणारं ऊन, बर्फावरून उलटणारं ऊन, आकाशाकडून खाली येणारं दीर्घतरंग प्रारण (म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता) आणि बर्फाकडून वर जाणारं. पहिले दोन पायरॅनोमीटरवर मिळतात, पुढचे दोन पायरजिओमीटरवर. आवक वजा जावक केली की शिल्लक निघते, वॅट प्रति चौरस मीटरमध्ये.

पण आकड्यांना हात लावण्याआधी उपकरणाची काच बघा. माझी पहिली फसगत इथेच झाली. बाहेर तारे लखलखत होते आणि पायरजिओमीटर मात्र ठाम ढगाळ आकडा दाखवत होता. टॉर्च घेऊन गेलो तर घुमटावर दव गोठून पांढरा पापुद्रा बसलेला. तो पापुद्रा हवेच्याच तापमानाला असतो, त्यामुळे उपकरणाला तो डोक्यावर टेकलेल्या ढगासारखाच वाटतो! अल्कोहोलच्या फडक्याने पुसला आणि काही मिनिटांत आकडा धाडकन खाली आला. तेव्हापासून घुमटावर हवा खेळवणारा पंखा चालू आहे ना ते आधी पाहतो आणि पुसल्याची वेळ नोंदवहीत लिहितो. तेवढी मिनिटं हिशोबातून गाळायची. ध्रुवीय रात्री पायरॅनोमीटर शून्याच्या थोडा खाली गेला तर घाबरू नका. तो घुमटाच्या गारठ्याचा दोष आहे.

आता तुलना. ढग नसता तर शिल्लक किती असती, हे हवामानाच्या फुग्याने मोजलेल्या तापमान-आर्द्रतेवरून काढतात, किंवा त्याच सुमाराच्या निरभ्र तासांवरून अंदाजतात. ढगाळ शिल्लक वजा निरभ्र शिल्लक म्हणजे ढगाचा परिणाम. उदाहरण घ्या: उणे 30 अंशांचा बर्फ सुमारे 198 वॅट सोडतो. निरभ्र आकाशाने 158 परत दिले तर तूट 40. खालच्या थरातला, पाण्याच्या थेंबांचा ढग 195 देतो; तूट उरते 3. परिणाम अधिक 37. उणे 20 अंशांतही हे थेंब गोठलेले नसतात, आणि चौरस मीटरवर जेमतेम 30-40 ग्रॅम पाणी असलं तरी ढग दीर्घतरंगांसाठी जवळपास काळाकुट्ट, म्हणजे अपारदर्शक होतो. नुसत्या बर्फकणांचा विरळ ढग मात्र बराच कमी देतो.

हिवाळ्याची सरसकट सरासरी काढू नका. 1997-98 मध्ये ब्यूफोर्ट समुद्राच्या बर्फात जहाज गोठवून केलेल्या शीबा मोहिमेत शिल्लक दोनच ठिकाणी घुटमळताना दिसली: निरभ्र असताना उणे 40 वॅटच्या आसपास किंवा ढगाळ असताना शून्याजवळ. सरासरीतून निघणारा मधला उणे 20 वॅट क्वचितच खरा असतो.

उन्हाळ्यात सगळी मेख जमिनीच्या रंगात. समजा ढगाने ऊन 400 वरून 250 वर आणलं आणि दीर्घतरंगांत 50 दिले. ताज्या बर्फाने 85 टक्के ऊन उलटवलं, तर त्याचं नुकसान फक्त 22.5, ढग तरीही 27.5 ने ऊब देतो. तोच ढग 7 टक्के परतवणाऱ्या मोकळ्या पाण्यावर आला की नुकसान 139.5, म्हणजे सुमारे 90 ने गारवा. म्हणून परावर्तन पुस्तकातून उचलू नका, रोज मोजा. वितळपाण्याची डबकी साचली की ते झपाट्याने पडतं.

जाड ढगच जास्त तापवतो, असंही धरून चालू नका. जुलै 2012 मध्ये ग्रीनलंडच्या 3,200 मीटरवरच्या माथ्यावरसुद्धा बर्फ वितळला. तेव्हा डोक्यावर पातळ, थेंबांचे ढग होते: ऊन आत येईल इतके विरळ, आणि खालची उष्णता अडवायला पुरेसे दाट.