मधे ठोकळा, बाजूला पोकळी: पॅटर्नच्या टेबलावर केलेली गिटार

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्याच्यावरून घेतात तो नमुना, करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्हचं कव्हर, असलंच सगळं. गिटारीचं खूळ डोक्यात घातलं ते भाच्यानं. गणपतीत त्याचा ऑर्केस्ट्रा असतो. त्याची पोकळ गिटार अॅम्पसमोर गेली की हूंऽऽ करून ओरडायची. "मामा, आवाज पोकळ गिटारीचाच पाहिजे, पण ओरडायला नको. जमतंय का बघा की ओ."

ओरडण्याचं कारण साधं आहे. स्पीकरच्या आवाजानं पेटीचा वरचा पातळ टॉप थरथरतो, ती थरथर तारांतून पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या चुंबक-कॉइलमध्ये, जाते, पिकअपमधून परत स्पीकरमध्ये, आणि चक्र सुरू. १९५८ साली गिब्सननं ईएस-३३५ काढली तेव्हा पेटीच्या मधून मॅपलचा ठोकळा घातला आणि घोडी (तारा टेकतात ती), पिकअप त्याच्यावर बसवले. दोन्ही बाजू पोकळच ठेवल्या. त्या गिटारीचा टॉप साच्यात दाबलेल्या प्लायचा असतो आणि कडा वाकवलेल्या असतात. एका गिटारीसाठी तेवढे साचे करत बसणं म्हणजे चहासाठी गाय पाळणं. फेंडरनं १९६८ मध्ये थिनलाइन टेलिकास्टर केली ती भरीव लाकूड आतून कोरून. कोरणं हा आमचा धंदाच, म्हणून मी ती वाट धरली. वरून कोरायचं आणि पातळ टॉप चिकटवून झाकायचं. पहिल्यांदा करणाऱ्यानं हेच करावं.

बॉडीला मी तुणीचं लाकूड घेतलं. मिरजेच्या सतारींना वापरतात ती तुण. झाड महोगनीच्याच कुळातलं, वजनाला हलकं, आणि पटाशीला त्रास देत नाही. दांडीला उभ्या रेषांचं सागवान, दांडीवरच्या फिंगरबोर्डला सहा मिलीमीटर शिसम. पूर्ण बॉडी सागवानाची करायला जाऊ नका, रात्रभर गळ्यात घालून उभं राहणाऱ्याचे शिव्याशाप खाल. शिवाय सागवानात वाळूसारखा अंश असतो, रंध्याचं पातं लगेच बोथट होतं. ते तेलकटही असतं, म्हणून फेविकॉल लावायच्या आधी सांधा थिनरनं पुसून घ्या.

लाकूड वाळलं का, हे नखानं ठोकून सांगणारे भरपूर भेटतील. मी तराजूवर विश्वास ठेवतो. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावायची आणि दर पंधरा दिवसांनी एकच फळी वजन करून तिच्यावरच पेन्सिलनं लिहायचं. आकडा हलायचा थांबला की लाकूड तयार. हे सगळं उन्हाळ्यात उरकायचं. आमच्याकडं पाऊस लागला की लागला, खानापूरच्या बाजूला तर विचारू नका. फळी लांबीत हलत नाही, रुंदीत फुगते. जूनमध्ये चिकटवलेला टॉप मार्चमध्ये मधोमध चिरतो.

आता आखणी. सहा मिलीमीटर प्लायवर गिटार पूर्ण मापात काढा. पहिली रेघ मधली, बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं. बॉडीची, दांडीची, घोडीची मधली रेघ वेगवेगळी काढलीत तर शेवटी सहावी तार फिंगरबोर्डच्या बाहेर लोंबेल. बॉडी मी ३८ सेंटीमीटर रुंद, ४५ मिलीमीटर जाड धरली. त्यात वरचा टॉप ५, मागची पाठ ६, बाजूच्या भिंती १०, आणि मधला ठोकळा १०० मिलीमीटर रुंद, दांडीपासून बुडापर्यंत अखंड. आधी मोठ्या ड्रिलनं भोकं पाडून माल काढा, मग राउटर फिरवा. राउटरला एका दमात खोल घालू नका, पाच-सहा मिलीमीटरचे थर घ्या.

टॉप चिकटवायच्या आधी थांबा. पिकअपच्या खाचेतून कंट्रोलच्या खाचेपर्यंत वायरचं भोक पाडलंत का? घोडीच्या मागच्या टेलपीसच्या (तारा अडकवायच्या पट्टीच्या) खुंटीकडं अर्थिंगच्या वायरीला वाट ठेवलीत का? ही भोकं ठोकळ्यातून जातात आणि टॉप बसल्यावर तिथं ड्रिल पोचत नाही. ३३५ मध्ये पॉट (आवाज, टोन कमी-जास्त करायचे) आणि वायरी एफ-होलमधून, म्हणजे टॉपवरच्या f आकाराच्या भोकातून, दोऱ्यानं ओढून घालतात. मी मागून खाच घेऊन झाकण लावलं. दिसायला कमी, दुरुस्तीला बरं.

दांडी चार स्क्रूनं बसवा, पहिल्या वेळी चिकटवू नका. ट्यून-ओ-मॅटिक घोडी उंच असते म्हणून दांडी मागं झुकवावी लागते. किती, ते बाजूनं पूर्ण मापाचं चित्र काढून त्यावरच मोजा, माझा कोन तीन अंशांच्या आसपास आला. ट्रस रॉड (दांडीचा वाक सावरणारी आतली सळई) आधी हातात घ्या, मोजा, मगच खाच पाडा.

फ्रेटचं, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचं, गणित सोपं आहे. नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतची लांबी १७.८१७ नं भागा, तो पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला परत तोच भाग, तो दुसरा. ६२८ मिलीमीटरला पहिला फ्रेट ३५.२५ वर, पाचवा १५७.५ वर, सातवा २०८.९ वर, बारावा बरोबर निम्म्यावर, ३१४. गणित टप्प्याटप्प्यानं करा, पण आखताना प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून पुढचा मोजलात तर बाविसाव्यापर्यंत चूक साठत जाते.

सांगायला सोपं. मी मात्र इथंच आपटलो. आमच्या टेबलामागं खिळ्यावर दोन स्टीलच्या पट्ट्या असतात. एक साधी, दुसरी कॉन्ट्रॅक्शन स्केल. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. कॉन्ट्रॅक्शन स्केलवर मिलीमीटरच एक टक्का मोठा कोरलेला असतो, मग डोकं चालवावं लागत नाही. लांबून दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणी. सव्वीस वर्षांत हात आपोआप त्या दुसरीकडंच जातो. फिंगरबोर्ड मी तिनं आखला. घोडीची भोकं साध्या पट्टीनं.

तारा चढवल्या, सुरात लावल्या, उघड्या तारा झकास. बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं तर ट्यूनर सतराएक सेंट वर दाखवतोय (शंभर सेंट म्हणजे एका फ्रेटचं अंतर). भाचा म्हणाला, "मामा, वाजतंय की ओ, पण वर जाईल तसं बेसूर व्हायलंय." दोन दिवस मी नट तासला, तारा बदलल्या. तिसऱ्या दिवशी बारावा फ्रेट मोजला, ३१४ च्या जागी ३१७. तेव्हा खिळ्याकडं नजर गेली.

बायको म्हणाली, शिसम वाया गेलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण नीट बघितलं तर फिंगरबोर्डमध्ये चूक नव्हतीच. सगळेच फ्रेट एक टक्का लांब, म्हणजे त्यांचं आपसातलं प्रमाण बरोबर. तो ६३४ मिलीमीटरचा अचूक फिंगरबोर्ड होता. चूक घोडीची होती, ती सहा मिलीमीटर मागं सरकवायची. नवी भोकं जुन्यांवर चढत होती, म्हणून जुनी मोठी करून त्यात सागवानाचे गुट्टे ठोकले आणि सुकल्यावर परत पाडली. खाली भरीव ठोकळा होता म्हणून हे जमलं. पोकळ पेटी असती तर गुट्टा धरणार कशाला? आता कॉन्ट्रॅक्शन स्केलच्या टोकाला मी लाल रंग फासलाय.

घोडी बाराव्या फ्रेटच्या नेमक्या दुपटीवर बसवायची नसते. तार दाबली की ताणते, सूर चढतो. म्हणून बारीक तारेला दीड-दोन, जाड तारेला चार-पाच मिलीमीटर जास्त लांबी द्या. घोडी त्यामुळं थोडी तिरकी दिसते, ती तशीच असू दे.

फ्रेट ठोकण्याआधी बोर्डला १२ इंची गोलाई द्या. खाच ०.६ मिलीमीटरची, त्यासाठी पातळ करवत वेगळी घ्यावी लागते, घरची चालत नाही. फ्रेट बसले की सगळ्यांच्या माथ्यावर मार्कर फिरवा आणि सपाट कानस घासा. जिथं शाई राहिली तो फ्रेट खोल बसलाय.

वायरिंग फार नाही. दोन हंबकर (दुहेरी कॉइलचे पिकअप), ५०० के चे पॉट, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरड कपॅसिटर. अर्थिंग विसरलात तर तारेला हात लावला तरी घूं ऐकत बसाल.

पॉलिशला मी स्पिरिटमधली चपडी लाख वापरली, कापडाच्या बोळ्यानं. ढगाळ दिवशी हात लावू नका, हवेतली ओल धरून लाख पांढुरकी पडते. मी एप्रिलमध्ये दुपारी बारा ते चार एवढ्याच वेळात केलं.

शेवटी तारा दहा नंबरच्या. बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन, बारीक तार दीड मिलीमीटर वर. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्यापाशी फट बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. मृगाचा पाऊस लागल्यावर ती फट परत बघा. भाच्याच्या गिटारीची जूनमध्ये वाढली होती. ट्रस रॉडचा नट पाव फेरा घट्ट केला, रात्रभर तशीच ठेवली, सकाळी कार्ड अडकायला लागलं.