बडोद्यात टाइमशीटच्या कामावर नवीन आलात? आधी प्रवासाचे तास शिका

जळगाव-धुळ्याकडून बडोद्याला येऊन अमेरिकन कंपन्यांच्या पगाराचं काम, म्हणजे तिथल्या कामगारांच्या तासांच्या नोंदी (टाइमशीट) भरण्याचं काम, धरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. खोली घेताना भाड्याआधी एकच विचारा: पहाटे चार वाजता फाटक कोण उघडणार? न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी घरमालक भेटतील. त्यांच्या मराठीत गुजराती शब्द आले म्हणून हसू नका. ही माणसं सयाजीरावांच्या काळापासून इथली आहेत आणि अडीअडचणीला तीच धावून येतात.

आता कामाचं. तासावर पगार घेणाऱ्याचा घर ते नेहमीचं कामाचं ठिकाण हा प्रवास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात भरत नाही, म्हणजे पगाराच्या तासांत धरला जात नाही. १९४७च्या पोर्टल-टू-पोर्टल कायद्यापासून हे पक्कं आहे. पण सुतार आधी गोदामात हजर झाला, अवजारं गाडीत भरली आणि मग साइटवर गेला, तर गोदामापासूनचा रस्ता कामाचा. दिवसभरात एका साइटवरून दुसरीकडे जाणंही कामाचंच. दुसऱ्या गावी एका दिवसाचं काम करून रात्री घरी परतणाऱ्याचा प्रवास धरायचा; त्यातून घर ते स्टेशन किंवा विमानतळ आणि जेवणाची वेळ वजा करता येते.

खरी चूक मुक्कामाच्या प्रवासात होते, आणि ती जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस करतो. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून त्या दिवसाचा प्रवास शून्य, असं कधीही लिहू नका! कामाची नेहमीची वेळ ९ ते ५ असेल, तर ती खिडकी सातही दिवस लागू असते. एक शीट घ्या: ताशी २० डॉलर, आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी दुपारी ३ ते रात्री ८ विमानात, नुसता प्रवासी म्हणून. त्यातले ३ ते ५ हे दोन तास धरायचे. पुढचे तीन केंद्रीय नियमात सोडता येतात. सोमवार ते शुक्रवार ४० तास झाले, तर एकूण ४२. आठवड्याच्या ४०च्या वरचे दोन दीडपटीने, ताशी ३० प्रमाणे ६० डॉलर. रविवार सोडलात की त्या माणसाचे साठ डॉलर गेले, आणि पर्यवेक्षकाच्या नजरेला ते पडणारही नाही, कारण शीट ४० तासांची, नीटनेटकी दिसते.

मुक्कामी जाताना कंपनीच्या ट्रकमध्ये दोघं बसले असतील, तर नावापुढे पाहा. सांगितल्यावरून चालवणाऱ्याचे सगळे तास भरतात, रात्रीचेसुद्धा. शेजारी नुसता बसलेल्याचे फक्त ९ ते ५ या खिडकीतले. रस्ता एकच, तास वेगळे. मात्र शेजारचा वाटेत फोनवर कंपनीचं काम करत असेल, तर तेवढा वेळ त्याचाही.

विमानाची वेळ लिहिताना दोन घड्याळं वजा करू नका. न्यूयॉर्कहून दुपारी ३ला निघून लॉस एंजेलिसला ६ला उतरला म्हणजे तीन तास नव्हेत, सहा. आधी एकाच घड्याळावर आणा.

कॅलिफोर्नियाचा कर्मचारी दिसला की वरची खिडकी विसरा. तिथे कंपनीने पाठवलेला प्रवास खिडकीबाहेरही भरतो आणि जादा वेळ दिवसाचे आठ तास झाले की लगेच सुरू होते. म्हणून शीट उघडताच पहिल्यांदा राज्य वाचा, मग नाव.

पेट्रोलचा मैलभत्ता म्हणजे पगार नव्हे. तो तासांत मिसळू नका.

आपली मराठी मुलं शंका विचारायला लाजतात. शेजारचा गुजराती सहकारी पहिल्याच रात्री विचारून मोकळा होतो, आणि ते बरोबरच आहे. "हा रविवार का वगळला?" एवढं शिफ्ट संपायच्या आत विचारा. पगार निघून गेल्यावर दुरुस्तीची शीट वेगळी करावी लागते आणि तिकडचा माणूस पुढच्या पगारापर्यंत वाट पाहत राहतो.